भिंतीपलीकडचा संहार : ‘अटॅक ऑन टायटन’ आणि त्याचा मराठी प्रेक्षक

हिंसा दाखवणे वेगळे आणि हिंसेविषयी काही सांगणे वेगळे, हा भेद मराठी रंगभूमीने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी भांडून मिळवला. जपानी ॲनिमेशन मालिकांच्या बाबतीत मात्र तो मराठी घरांत अजून रुजायचा आहे. ‘ॲनिमे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मालिका बहुतेक वेळा ‘मांगा’वरून, म्हणजे साप्ताहिकांत वा मासिकांत क्रमशः छापल्या जाणाऱ्या जपानी चित्रकथांवरून तयार होतात, आणि जपानमध्ये या कथांची पहिली विभागणी वाचकाच्या वयावरून होते : किशोरवयीन मुलांच्या नियतकालिकांतील कथा ‘शोनेन’, तर प्रौढ पुरुषांच्या नियतकालिकांतील कथा ‘सेइनेन’. भारतात ही वर्गवारी आलीच नाही. आले ते फक्त हलते चित्र, आणि हलते चित्र म्हणजे लहान मुलांचे असे गृहीत धरून घरातील वडीलधाऱ्यांनी त्याकडे पाहणे सोडून दिले. परिणामी रक्तपात, वंशद्वेष, सूड, अपराधभाव आणि शोक यांविषयी आजच्या तरुणांनी पाहिलेल्या सर्वांत गंभीर कथांपैकी काही कथा त्यांनी घरातल्या कोणाशीही न बोलता पाहिल्या, आणि त्यांवरची मतेही घराबाहेरच घडवली.

या कथांपैकी जिच्यावर प्रेक्षकांनी सर्वाधिक वाद घातला ती मालिका म्हणजे ‘अटॅक ऑन टायटन’, मूळ जपानी नाव ‘शिंगेकी नो क्योजिन’. हाजिमे इसायामा या चित्रकथाकाराने, वयाची पंचविशीही गाठलेली नसताना, २००९ साली कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या मासिकातून ही कथा सुरू केली, आणि ३४ खंडांनंतर, एप्रिल २०२१ मध्ये, ती संपवली. तोपर्यंत तिच्या दहा कोटींहून अधिक प्रती छापल्या गेल्या होत्या. ॲनिमे मालिका एप्रिल २०१३ मध्ये विट स्टुडिओने सुरू केली, चौथे पर्व मॅपा या दुसऱ्या स्टुडिओने केले, आणि शेवटचा भाग नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसारित झाला. दहा वर्षे चाललेल्या मालिकेचा प्रेक्षकही तिच्यासोबत दहा वर्षांनी मोठा होतो, ही गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चेत ध्यानात ठेवावी लागते, कारण जो तेराव्या वर्षी राक्षसांच्या भीतीने मालिकेकडे ओढला गेला, तोच तेविसाव्या वर्षी तिचा शेवट न्याय्य होता की नाही यावर वाद घालत होता.

कथेचा आरंभ साध्या भयकथेसारखा आहे. उरलीसुरली मानवजात तीन वर्तुळाकार भिंतींच्या आत राहते आणि बाहेर ‘टायटन’ म्हणजे माणसे खाणारे महाकाय देह फिरतात. पहिल्याच भागात भिंत फुटते, एरेन येगर नावाच्या मुलासमोर त्याच्या आईला टायटन खातो, आणि तो मुलगा सगळ्या टायटनांचा नायनाट करण्याची शपथ घेतो. इसायामा इंटरनेट कॅफेत काम करत असताना एका दारू प्यायलेल्या गिऱ्हाइकाने त्याला गचांडी धरून पकडले होते, आणि आपल्याशी बोलता न येणारा माणूस किती भयंकर असतो या जाणिवेतून टायटनची कल्पना सुचली, असे त्याने सांगितले आहे. जपानच्या ओइता प्रांतातील त्याचे गाव चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे, हेही कथेतील भिंतींशी जोडून सांगितले जाते. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस मात्र सगळा पट उलटतो. टायटन ही मुळात माणसेच, भिंतींचा प्रदेश हे एक बेट, त्याभोवती समुद्र आणि समुद्रापलीकडे मार्ली नावाचे राष्ट्र, आणि त्या राष्ट्रात एरेनच्याच वंशाच्या लोकांना दंडावर पट्टा बांधून कुंपणाआड वस्तीत डांबलेले, असे उघड होते. चौथ्या पर्वात मोठा झालेला एरेन त्या वस्तीवर हल्ला करून निरपराधांना मारतो, आणि शेवटी भिंतींत दडलेले असंख्य महाकाय टायटन मोकळे सोडून बेटाबाहेरचे जग पायदळी तुडवायला निघतो. हा संहार त्याचे मित्रच त्याला मारून थांबवतात, पण तोवर मानवजातीचा ऐंशी टक्के भाग नष्ट झालेला असतो.

अशी कथा मराठी मुलखात, उदाहरणार्थ रायगड जिल्ह्यातील पनवेलच्या परिसरात, कोण आणि कशी पाहते, याचे उत्तर त्या परिसराच्या घडणीत सापडते. पळस्पे हे पनवेल तालुक्यातील गाव महाराष्ट्राला फाट्यामुळे ठाऊक आहे : मुंबईहून पुण्याकडे जाणारा जुना महामार्ग आणि कोकणातून गोव्याकडे उतरणारा महामार्ग येथे एकमेकांपासून फुटतात, आणि न्हावा-शेव्याच्या बंदरामुळे भातखाचरांच्या जागी गोदामे आणि कंटेनरचे तळ उभे राहिले आहेत. पनवेल नगरपालिकेची महापालिका २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये झाली आणि त्याच्या महिनाभर आधी स्वस्त मोबाइल डेटाचे युग सुरू झाले; गावाचे शहर होणे आणि हातात अमर्याद चित्रे येणे या दोन गोष्टी येथे एकाच काळात घडल्या. पनवेल आणि नवीन पनवेलच्या महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलामुलींसाठी ॲनिमे पाहण्याचे साधन दिवाणखान्यातला टीव्ही कधीच नव्हते. ते साधन म्हणजे कानाला इअरफोन लावून बसच्या वा रिक्षाच्या प्रवासात पाहिला जाणारा फोन, आणि या एकट्याने पाहण्याचा मतांवर झालेला परिणाम फार थोड्या लोकांनी विचारात घेतला आहे.

पूर्वी असे नव्हते. दूरदर्शनवर १९९३ साली आलेली आणि रविवारी सकाळी अख्ख्या घराने एकत्र पाहिलेली ‘जंगल बुक’ ही मुळात जपानी मालिका होती, निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये बनवलेली, आणि तिच्या हिंदी आवृत्तीत शेरखानला आवाज दिला होता याच रायगड जिल्ह्यातील मुरुड-जंजिऱ्यात जन्मलेल्या नाना पाटेकरांनी. म्हणजे या जिल्ह्याचा जपानी ॲनिमेशनशी संबंध तीन दशकांहून जुना आहे, आणि तो खलनायकाच्या आवाजापासून सुरू होतो. त्यानंतर २००४ मध्ये ॲनिमॅक्स ही वाहिनी भारतात आली, ‘हंगामा’ या वाहिनीवर ‘डोरेमॉन’ आणि ‘शिन-चॅन’ आले. पैकी ‘शिन-चॅन’ची चित्रकथा जपानमध्ये प्रौढांच्या साप्ताहिकात छापली जात होती हे येथे कोणाला माहीत नसल्यामुळे ती लहान मुलांना दाखवली गेली, पालकांच्या तक्रारी झाल्या आणि २००८ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने तिचे प्रसारण काही काळ थांबवले. जपानी दिग्दर्शक मकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा ॲनिमेपट भारतात प्रदर्शित व्हावा म्हणून हजारो चाहत्यांनी सह्या केल्या आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तो येथे लागलाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट जपानीबरोबर इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू आवाजांत देशभर लागला आणि भारतात सर्वाधिक कमाई करणारा ॲनिमेपट ठरला. मराठी आवाज त्या यादीत नव्हता, याची खंत पुढे पुन्हा येईल.

‘अटॅक ऑन टायटन’विषयीच्या मतांत पहिली फूट पडते ती तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस. ज्यांना भय, वेग आणि दोरांच्या साहाय्याने हवेतून केलेल्या लढाया आवडल्या होत्या, त्यांच्यापैकी अनेकांना चौथे पर्व राजकारणाने जड झाले असे वाटते. उलट ज्यांना मालिका खऱ्या अर्थाने तिथेच सुरू झाली असे वाटते, त्यांच्या दृष्टीने पहिली तीन पर्वे ही प्रेक्षकाला एका बाजूला उभे करण्यासाठी केलेली तयारी आहे, कारण आईचा मृत्यू पाहून ज्याच्या सूडाला आपण टाळ्या वाजवल्या त्याचाच सूड दुसऱ्या बाजूने पाहायला लागल्यावर त्या टाळ्यांचे काय करायचे, हा प्रश्न प्रेक्षकाच्या अंगावर येतो. हा दुसरा पक्ष बरोबर आहे. चौथे पर्व शत्रूच्या मुलांपासून सुरू होते आणि गॅबी नावाची शत्रुपक्षातील मुलगी एरेनची सहकारी असलेल्या, प्रेक्षकांच्या लाडक्या साशाला गोळी घालते. गॅबीविषयी जगभरच्या प्रेक्षकांनी व्यक्त केलेला द्वेष इतका तीव्र होता की मालिकेने मांडलेला मुद्दा तिच्या प्रेक्षकांनीच सिद्ध करून दाखवला, कारण गॅबी आणि लहानपणचा एरेन यांच्यात घराच्या जागेखेरीज फारसा फरक नाही. साशाच्या वडिलांनी मुलीच्या मारेकरी पोरीला मारायला नकार देऊन, मुलांना या वैराच्या रानाबाहेर ठेवणे हे मोठ्यांचे काम आहे असा जो विचार मांडला आहे, तो संपूर्ण मालिकेचा गाभा आहे, आणि रक्ताचे थारोळे मोजणाऱ्या टीकेला तो कधी दिसत नाही.

दुसरी फूट अधिक गंभीर आहे. एरेनने जे केले ते आपल्या लोकांसाठी केले, सबब ते योग्य होते, असे मानणारा प्रेक्षकवर्ग मोठा आहे. कथेतील त्याच्या अनुयायांना ‘येगरिस्ट’ म्हणतात, आणि प्रेक्षकांतील अनेकांनी ते नाव स्वतःसाठी आनंदाने घेतले. पळस्पेपासून गोवा महामार्गावर काही किलोमीटरवर शिरढोण आहे, वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. १८७९ च्या सशस्त्र उठावानंतर पकडले जाऊन १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात मरण पावलेल्या या आद्य क्रांतिकारकाची स्मृती या भागात जिवंत आहे, आणि पनवेलचे नाट्यगृहही त्यांच्याच नावाने आहे. स्वातंत्र्यासाठी शस्त्र उचलावे काय, हा प्रश्न म्हणून येथील तरुणाला परका नाही, आणि एरेनच्या पहिल्या पर्वातील त्वेषाशी त्याचे नाते जुळणे स्वाभाविक आहे. परंतु तुलना तिथेच थांबली पाहिजे. दडपणाऱ्या सत्तेविरुद्ध उठणे आणि दडपणारे, दडपलेले, अजाण, निर्वासित अशा सगळ्यांना एकसाथ चिरडणे यांत जो फरक आहे तो दाखवण्यासाठीच इसायामाने रामझी नावाचा निर्वासित मुलगा उभा केला आहे. एरेन त्याला आधी मार खाण्यापासून वाचवतो, पुढे आपण त्याला मारणार आहोत हे ठाऊक असल्याने त्याच्यासमोर रडून क्षमा मागतो, आणि नंतर तो मुलगा खरोखर त्या पायांखाली येतो. हा प्रसंग पाहूनही एरेनला निर्दोष ठरवणारा प्रेक्षक मालिका पाहत नव्हता, फक्त आपली बाजू पाहत होता, असे म्हणणे भाग आहे.

तिसरा वाद शेवटाचा. २०२१ मध्ये चित्रकथेचा शेवटचा भाग आला तेव्हा दोन गोष्टींवर विलक्षण संताप उसळला. एक म्हणजे जगाचा संहारक ठरलेला एरेन त्याच्यासोबत वाढलेल्या मिकासासाठी लहान मुलासारखा कोलमडून बोलतो, हे अनेकांना त्याच्या स्वभावाशी विसंगत वाटले. दुसरी म्हणजे त्याचा मित्र आर्मिन या संहाराबद्दल त्याचे आभार मानतो, आणि लेखक वंशसंहाराला माफी देत आहे असा त्या संवादाचा अर्थ निघू शकत होता. इसायामाने हा आक्षेप दुर्लक्षून टाकला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क येथील ॲनिमे संमेलनात शेवटाविषयी बोलताना तो भावविवश झाला, आणि नोव्हेंबर २०२३ च्या ॲनिमे आवृत्तीत तोच प्रसंग त्याच्या सहभागाने नव्याने लिहिला गेला : आभाराच्या जागी आर्मिन या पापातला आपला वाटा मान्य करतो आणि त्याची शिक्षाही एरेनबरोबर भोगण्याची तयारी दाखवतो. प्रेक्षकांच्या मतांचे सामर्थ्य सांगणारे याहून ठोस उदाहरण या क्षेत्रात नाही. एरेनच्या कोलमडण्याविषयी मात्र विरोधकांचे म्हणणे मान्य करण्याजोगे नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातात जग संपवण्याची शक्ती दिल्यावर त्याने तत्त्वज्ञासारखे मरावे ही अपेक्षाच अपरिपक्व आहे, आणि त्याचे ते केविलवाणे रूप दाखवल्यामुळेच त्याच्याभोवती साचलेले वीरतेचे वलय गळून पडते.

मराठी वाचकाला ही कथा आश्चर्य वाटावी इतकी ओळखीची आहे, फक्त ती ओळख कोणी करून दिलेली नाही. महाभारतातील खांडववनाचे दहन आठवावे : कृष्ण आणि अर्जुन अग्नीसाठी अख्खे वन जाळतात, पळणाऱ्या प्रत्येक जिवाला मारतात, आणि मय, अश्वसेन व चार शार्ङ्गक पक्षी एवढेच सहा जीव त्यातून वाचतात. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मधील मयसभेवरच्या लेखात या दहनाकडे निर्भयपणे पाहिले आणि देवत्वाच्या आड लपवलेले क्रौर्य वाचकासमोर ठेवले. त्या वनात राहणारा, पण त्या दिवशी घराबाहेर असल्याने वाचलेला नाग तक्षक पुढे अर्जुनाच्या नातवाला, परीक्षिताला दंश करतो. परीक्षिताचा मुलगा जनमेजय सगळ्या सर्पांचा नाश करण्यासाठी सर्पसत्र मांडतो. आणि ते थांबवतो तो आस्तिक, ज्याची आई नागकुळातली आणि वडील ऋषी, म्हणजे दोन्ही बाजूंचे रक्त असलेला तरुण. एका पिढीने केलेला संहार, दुसऱ्या पिढीचा सूड, तिसऱ्या पिढीचा संपूर्ण निर्मूलनाचा यज्ञ आणि तो थांबवायला दोन्हीकडचा कोणीतरी लागणे, हा आराखडा इसायामाच्या कथेचाही आहे. फरक इतकाच, की महाभारतात सर्पसत्र थांबते; ‘अटॅक ऑन टायटन’मध्ये संहार थांबूनही अखेरच्या श्रेयनामावलीबरोबर सरकणाऱ्या चित्रांत अनेक पिढ्यांनंतर तेच बेट पुन्हा युद्धात उद्ध्वस्त झालेले दिसते. शेवट निराशावादी आहे अशी तक्रार करणाऱ्यांनी सौप्तिकपर्व आणि स्त्रीपर्व पुन्हा वाचावे.

रक्ताच्या रंगावरून भांडण्याचा अनुभवही मराठी समाजाला आहे. विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागू यांनी रंगभूमीवर आणले तेव्हा नाटकातील माणिक या पात्राच्या गर्भपातानंतर तिच्या साडीवर दिसणारा लाल डाग परिनिरीक्षण मंडळाला मान्य झाला नाही. डाग निळा करण्यात आला आणि तो लाल समजावा असे प्रयोगापूर्वी प्रेक्षकांना सांगण्यात आले. प्रेक्षकांना हिंसा कळण्यासाठी लाल रंगाची गरज नव्हती, आणि निळ्या रंगाने ती कमीही झाली नाही. तेंडुलकरांनी पुढे समाजातील हिंसेच्या बदलत्या रूपांच्या अभ्यासासाठी नेहरू पाठ्यवृत्ती घेतली, हे येथे मुद्दाम सांगायला हवे, कारण हिंसा रंगवणारा लेखक हिंसेचा शौकीन असतो या समजाला त्याहून चांगले उत्तर नाही. जपानी दूरचित्रवाणीवरही जखमांवर काळी सावली टाकणे, रक्ताचा रंग गडद करणे असे उपाय केले जातात, आणि तिथेही प्रेक्षकाला जे कळायचे ते कळतेच.

याचा अर्थ वयाची मर्यादा नको असा मुळीच नाही. जपानमध्ये ही मालिका मध्यरात्रीच्या सुमारास दाखवली जात असे, आणि २०१८ पासून ज्या एनएचके या सार्वजनिक वाहिनीने तिची पुढची पर्वे दाखवली तिनेही ती त्याच वेळेला दाखवली. म्हणजे घड्याळ हाच तिथला पहारेकरी होता. चीनच्या सांस्कृतिक मंत्रालयाने २०१५ मध्ये ३८ ॲनिमे व मांगांची काळी यादी काढून तीत हिचाही समावेश केला, हा दुसऱ्या टोकाचा मार्ग. भारतात टीव्हीवरील प्रौढ चित्रपटांचा प्रश्न मुंबईतील सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी मुंबई उच्च न्यायालयात नेला आणि त्यातून वाहिन्यांवर निर्बंध आले. ओटीटीसाठी, म्हणजे इंटरनेटवरून थेट दाखवल्या जाणाऱ्या कार्यक्रमांसाठी, २०२१ च्या नियमांनी सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे टप्पे ठरवून पालकांसाठी कुलूपव्यवस्था सक्तीची केली. २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहांतील यूए प्रमाणपत्राचेही तसेच तीन टप्पे झाले. कायदा म्हणून हे पुरेसे आहे. परंतु यूए हे प्रमाणपत्र पालकांना उद्देशून असते, आणि ज्या घरातील पालक ही मालिका मुलांच्या फुटकळ करमणुकीत गणतात त्या घरात ते उद्देशून लिहिलेले पत्र कोणी उघडतच नाही. बारा वर्षांच्या मुलाने ही मालिका पाहू नये, आणि सोळा वर्षांच्या मुलाने पाहिली तर तिच्याविषयी बोलायला घरात कोणीतरी असावे, एवढे स्पष्ट मत येथे नोंदवणे आवश्यक वाटते.

उरतो भाषेचा प्रश्न. मुंबई आणि पुणे ही जपानी भाषेच्या परीक्षांची जुनी केंद्रे आहेत, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकवली जाते, आणि ॲनिमेमुळे जपानीकडे वळलेले विद्यार्थी त्या वर्गांत आज सहज दिसतात. जपानीतून थेट मराठीत संवाद आणणारी माणसे या राज्यात आहेत. तरीही या मालिका पळस्पेच्या मुलापर्यंत इंग्रजी अक्षरांतून वा हिंदी आवाजातून पोहोचतात, त्यामुळे त्याने त्यांविषयी केलेला विचारही त्याच भाषांत राहतो, आणि घरी आजी-आजोबांशी खांडववनाविषयी जे बोलणे होऊ शकले असते ते एरेनविषयी होत नाही. तमिळ आणि तेलुगू प्रेक्षकांसाठी वितरकांनी जे केले ते मराठीसाठी करावे, अशी मागणी मराठी चाहत्यांनी ‘वेदरिंग विथ यू’च्या वेळी झाली तशीच सह्या गोळा करून केली पाहिजे. मराठी समीक्षकांनी नाटक आणि चित्रपट यांच्या बरोबरीने या मालिकांवर लिहिले पाहिजे, ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांच्या मराठी मंडळांनी त्यांवर चर्चा ठेवल्या पाहिजेत, आणि ज्यांच्या घरी हा दिवाळी अंक पोहोचेल त्या पालकांनी या सुट्टीत घरातील तरुणाला या मालिकेचा चौथ्या पर्वातील कोणताही एक भाग निवडायला सांगून तो त्याच्या शेजारी बसून पाहावा.